ऑटोमाटाचा पहिला तास आणि आपले लघु-गुरू

1983 हे वर्ष पश्चिम विदर्भाच्या उच्च शिक्षणाला वळण देणारे ठरले. त्या वर्षी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले आणि त्याच वर्षी शेगावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. तोवर बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्याला इंजिनियर व्हायचे असे, त्याला घर सोडून अमरावती, नागपूर नाहीतर त्याहून लांबचे गाव गाठावे लागे. पुढे चिखलीत, मलकापुरात आणि खुद्द बुलढाण्यातही अभियांत्रिकीची महाविद्यालये निघाली. मोताळा, मेहकर, संग्रामपूर या भागांतली मुले-मुली एसटीने ये-जा करून कॉम्प्युटर सायन्स शिकू लागली. जिल्ह्याच्या दृष्टीने ही केवढी तरी मोठी गोष्ट झाली, आणि ती घडवणाऱ्यांचे ऋण मान्य करूनच पुढचे लिहितो.

या अभ्यासक्रमात एक विषय असा आहे की ज्याच्या नावानेच विद्यार्थी दचकतात. पुस्तकात त्याचे नाव थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, कुठे ऑटोमाटा आणि फॉर्मल लँग्वेजेस. वर्गात त्याला सगळे टीओसी म्हणतात. कोणतेही यंत्र, ते कितीही वेगवान असो, मुळात काय करू शकते आणि काय कधीच करू शकणार नाही, याचा हा अभ्यास. संगणकशास्त्राला शास्त्र हे नाव ज्या थोड्या विषयांमुळे शोभते, त्यांतला हा पहिला. पण पहिल्याच तासाला फळ्यावर पाच चिन्हांचा कंस उतरतो: अवस्थांचा संच, वर्णांचा संच, संक्रमणाचे फल, आरंभीची अवस्था, मान्यतेच्या अवस्था. मुले ते उतरवून घेतात. दोन आठवड्यांत एनएफएचा डीएफए करण्याची कृती पाठ होते, सत्राच्या शेवटी पेपरात ती जशीच्या तशी उतरते, गुण मिळतात आणि विषय सुटतो. तो विषय कशाबद्दल होता, हे विचारायला कोणाला सवडच राहत नाही.

मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी या विषयाची पूर्वतयारी करून आलेला असतो, आणि ते त्याला कोणी सांगत नाही. मला यात मोठे नुकसान दिसते.

ही तयारी मराठीच्या तासाला झालेली असते. वृत्ते शिकताना त्याने लघु-गुरू ओळखले, तीन-तीन अक्षरांचे गण पाडले. यमाचा, राधिका, ताराप, नमन, भास्कर, जनास, समरा, मानावा ही आठ गणांची आठ नावे त्याच्या कानावरून गेली आहेत. आता हेच ऑटोमाटाच्या भाषेत मांडू. वर्णमाला दोनच चिन्हांची: ल आणि गा. तीन चिन्हांच्या सगळ्या माळा करा, आठच होतात, आणि त्या आठांना आपण गण म्हणतो. पिंगळाच्या छंदःशास्त्राने अशा माळा क्रमवार मांडण्याची, म्हणजे प्रस्ताराची, रीत इसवी सनापूर्वीच सांगून ठेवली. टीओसीच्या पुस्तकातल्या पहिल्या पानावर वर्णमालेवरच्या सर्व शक्य माळांचा जो संच येतो, त्याच्याशी या विद्यार्थ्याची ओळख आधीच झालेली आहे.

पुढची पायरी भुजंगप्रयाताची. समर्थांचे मनाचे श्लोक या वृत्तात आहेत, त्यामुळे चाल शोधायला लांब जायला नको. चरणात चार य-गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू ही तिकडी चार वेळा, एकूण अक्षरे बारा. हे वृत्त तपासणारे यंत्र कागदावर काढा. शून्य क्रमांकाच्या वर्तुळात उभे राहा. लघु आला तर एकवर जा, गुरू आला तर चरण बाद. एकवर असताना गुरू आला तर दोनवर, तिथून पुन्हा गुरू आला तर तीनवर, मग परत लघूची वाट पाहा. असे करत बारावर पोचलात आणि नेमकी तिथेच अक्षरे संपली तर चरण मान्य. शून्य ते बारा अशा तेरा अवस्था, आणि चुकलेल्यांसाठी जिथून परत येता येत नाही अशी एक, मिळून चौदा. बारा जागांवर लघु-गुरूंच्या 4096 मांडण्या होऊ शकतात. हे यंत्र त्यांतली एकच स्वीकारते. पाच चिन्हांचा तो कंस आता लिहिला तर त्यातले प्रत्येक चिन्ह कशासाठी आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

खरी मौज पुढे आहे. ऱ्हस्व अक्षर लघु, पण पुढे आघात देणारे जोडाक्षर आले की तेच गुरू होते, हा नियम मुलांना पाठ असतो. आता यंत्र अक्षर-अक्षर वाचते आहे असे समजा. ‘सत्य’ या शब्दातला ‘स’ त्याच्यापुढे आला. हा लघु धरायचा की गुरू? पुढचे अक्षर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मग यंत्राने काय करावे? दोन बोटे ठेवावीत: एक ‘स’ लघु धरून पुढे गेलेले, दुसरे गुरू धरून. ‘त्य’ दिसताच पहिले बोट उचलावे. ‘सदा’ असते तर दुसरे उचलले असते. नॉनडिटरमिनिझम म्हणून ज्या गोष्टीची धास्ती वाटते ती एवढीच आहे. आणि ‘कोणकोणत्या वर्तुळांवर बोटे आहेत’ या माहितीलाच एक नवी अवस्था मानले की दोन बोटांचे यंत्र एका बोटाचे होते. मायकेल रॅबिन आणि डॅना स्कॉट यांनी 1959 साली जे सिद्ध केले त्याचा गाभा हाच, आणि त्या निबंधासाठी 1976 साली दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एनएफएचा डीएफए करा, हा पेपरात सात-आठ गुणांना येणारा प्रश्न म्हणजे या दोन बोटांचा हिशेब.

ज्या पम्पिंग लेमापाशी बहुतेकांची गाडी अडते, तो याच वृत्तातून सरळ समजतो. चरणात गण चारच हवेत ही अट काढून टाका. कितीही य-गण चालतील म्हणा. आता चौदा अवस्था नकोत, तीन आणि बाद होणारी एक एवढ्यात भागते, कारण प्रत्येक गणानंतर यंत्र फिरून पहिल्या वर्तुळात येते. म्हणजे मधला एक गण काढा, दोनदा घाला, शंभरदा घाला, यंत्राला फरक पडत नाही. मोजक्या अवस्थांचे यंत्र पुरेशी लांब माळ वाचू लागले की कुठल्या तरी वर्तुळात त्याला दुसऱ्यांदा यावेच लागते, आणि त्या दोन भेटींमधला तुकडा हवा तितक्या वेळा आवर्तता येतो. बस, लेमा संपला. आता विद्यार्थ्याला विचारा: जितके लघु आधी तितकेच गुरू नंतर, अशा ‘वृत्ता’साठी यंत्र काढता येईल का? तो काही वेळ वर्तुळे काढत बसेल आणि मग स्वतःच म्हणेल की लघूंची संख्या लक्षात ठेवायला वर्तुळे कुठवर पुरणार? त्या क्षणी तो विषयाच्या आत आलेला असतो.

अभंग आणि मात्रावृत्तेही वर्गात आणण्याजोगी आहेत. मोठ्या अभंगात लघु-गुरू पाहायचे नाहीत, अक्षरे मोजायची, सहा-सहा-सहा आणि चार. पण यमक जुळवायला यंत्राला मागचा उच्चार लक्षात ठेवावा लागतो आणि अवस्था एकदम वाढतात. मात्रावृत्तात लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ठरावीक मात्रांत किती मांडण्या बसतात हे मोजत गेले की 1, 2, 3, 5, 8 अशी रांग येते. विरहांकाने आणि हेमचंद्राने ती मोजली होती. आज ही रांग ज्याच्या नावाने ओळखतात त्या फिबोनाचीचा ग्रंथ 1202 चा, म्हणजे हेमचंद्राच्याही नंतरचा.

इथे एक सावधगिरीची सूचना करणे मला कर्तव्य वाटते. या विषयावर बोलताना आपल्याकडे लगेच ‘हे सगळे आपल्या पूर्वजांनी आधीच केले होते’ असा सूर लागतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत आणि त्यांची रचना पाहून आजचा संगणकतज्ज्ञ थक्क होतो, हे खरे. जॉन बॅकसने 1959 साली प्रोग्रामिंगच्या भाषेचे व्याकरण लिहिण्याची जी पद्धत मांडली आणि पीटर नाऊरने अल्गोल 60 च्या अहवालात जी वापरली, तिला पाणिनीचेही नाव द्यावे असे पीटर इंगरमन याने 1967 साली सुचवले, हेही खरे. 1985 साली रिक ब्रिग्ज याने संस्कृत आणि ज्ञानाची संगणकीय मांडणी यांवर एक लेख लिहिला. त्याचा विपर्यास होऊन ‘नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवले’ असे आजही स्नेहसंमेलनाच्या भाषणांत ऐकू येते. असे कोणी ठरवलेले नाही, आणि विद्यार्थ्यांना ते सांगू नये. पिंगळ-पाणिनींनी नियमांतून अमर्याद भाषा कशी उभी राहते हे दाखवले. अमुक एक गोष्ट अमुक प्रकारच्या नियमांनी होऊच शकत नाही, याची सिद्धता ही विसाव्या शतकाची कमाई आहे. दोन्हींचा मान वेगवेगळा राखला तरच दोन्ही समजतात.

ती कमाई कशी झाली, हेही आपण वर्गात सांगत नाही. 1936 साली ॲलन ट्युरिंगने कागदी फितीवर चालणारे कल्पित यंत्र मांडले आणि काही प्रश्न असे आहेत की ते कोणत्याच यंत्राला सोडवता येणार नाहीत, हे सिद्ध केले. तो निबंध त्याने सादर केला तेव्हा तो 23 वर्षांचा होता; आपल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांहून फार मोठा नाही. 1943 साली मॅक्युलॉक आणि पिट्स मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याचे गणित मांडत होते. त्यांचे जाळे नेमके काय ओळखू शकते, हे तपासताना स्टीफन क्लीनीला रेग्युलर एक्स्प्रेशन सापडले. ते काम 1951 चे, छापून आले 1956 मध्ये. त्याच 1956 साली नोम चॉम्स्की माणसाच्या भाषेला कोणत्या ताकदीचे व्याकरण लागते, हे विचारत होता. भाषांची जी उतरंड आपण तक्त्यात पाठ करतो, ती त्या प्रश्नातून निघाली. केन थॉम्पसनने 1968 साली मजकुरातला शोध रेग्युलर एक्स्प्रेशनने कसा करावा हे लिहिले, आणि आज मोबाइलवर कुठलाही फॉर्म भरताना पिनकोडचे अंक सहाच आहेत ना, हे बहुधा त्याच कल्पनेने तपासले जाते. मेंदू, भाषा, तर्कशास्त्र अशा तीन वाटांनी आलेली माणसे एकाच यंत्रापाशी येऊन भेटली. हा इतिहास सांगायला अर्धा तास लागतो.

आपल्या जिल्ह्याच्या भूमीलाही या विषयात सांगण्यासारखे काही आहे. लीळाचरित्रात मेहकर आणि लोणार ही गावे येतात. चक्रधरस्वामींचा तिथे वावर होता. त्यांच्या पश्चात महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध सकळ लिपी. अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, अशी तिची घडण. शतकानुशतके पंथाबाहेरच्यांना तो मजकूर बंद राहिला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिची किल्ली शोधली तेव्हा जुन्या मराठी गद्याचे दालन उघडले. ऑटोमाटाच्या दृष्टीने पाहा: अक्षर वाचून अक्षर लिहिणारे यंत्र जॉर्ज मीली याने 1955 साली मांडले, आणि अक्षराला अक्षर बदलणाऱ्या लिपीसाठी असल्या यंत्राला एकच अवस्था पुरते. मागचे काहीच लक्षात ठेवायचे नसल्यामुळे ती लिपी उलगडतेही. आता मागच्या अक्षरावरून पुढच्या अक्षराचा संकेत ठरेल असे करा. अवस्था वाढल्या, लिपी अवघड झाली. मीली मशीनचा धडा मेहकरच्या मुलीला याहून जवळचा कसा करून देणार?

आणि हे सारे जुन्या पोथ्यांपुरते नाही. मराठी नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे सामान्यरूप होते: घर, घरा, घराला. त्यापुढे शब्दयोगी अव्यय, त्यावर ‘चा’, मग पुन्हा सामान्यरूप, पुन्हा प्रत्यय: घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्यांना, घरासमोरच्यांनासुद्धा. ‘चा’ लागल्यावर शब्द फिरून सामान्यरूपाच्या वर्तुळात येतो, हे लक्षात आले की यंत्राची आकृती आपोआप दिसू लागते. आयआयटी मुंबईत मुग्धा बापट, हर्षदा गुणे आणि पुष्पक भट्टाचार्य यांनी 2010 साली याच तत्त्वावर, मोजक्या अवस्थांच्या यंत्राने मराठी शब्दरूपांची फोड करणारी प्रणाली मांडली. मराठी भाषांतर, मराठी शोध, मराठी शुद्धलेखन तपासणी, यांतल्या प्रत्येकाला शब्दाची अशी फोड उपयोगी पडते. वऱ्हाडी बोलीच्या रूपांसाठी असे यंत्र आपल्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांनी बांधायला घेतले तर तो शेवटच्या वर्षाचा अस्सल प्रकल्प होईल. दर वर्षी तीच ती उपस्थितीची आणि वाचनालयाची सॉफ्टवेअरे करण्यापेक्षा ते कितीतरी मोलाचे ठरेल, कारण वऱ्हाडी कानावर असल्याखेरीज ते काम होणारच नाही.

भारतात या शास्त्राला घरचे केल्याचे उदाहरण आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या राणी सिरोमनी यांनी, गिफ्ट सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांच्यासह, 1974 साली दारातल्या कोलमचे व्याकरण लिहिले. ठिपके, वळणे, त्यांचे आवर्तन हे सगळे त्यांनी फॉर्मल लँग्वेजच्या नियमांत बसवले, आणि तो निबंध जगभर वाचला गेला. साधन फार लागले नाही. आपल्या अंगणाकडे शास्त्राच्या नजरेने पाहावे लागले. ठिपक्यांची रांगोळी आपल्याकडेही आहे.

मग अडते कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. एक, माध्यम. जिल्ह्यातली बहुसंख्य मुले मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळांतून येतात, आणि होपक्रॉफ्ट-उलमन यांचे 1979 चे पुस्तक काय किंवा आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे मिश्रा-चंद्रशेखरन यांचे काय, दोन्ही इंग्रजीत आणि सिद्धतांनी गच्च भरलेली. सिद्धता समजण्याआधी वाक्य समजावे लागते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 साली प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीला वाट करून दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने कॉम्प्युटर शाखा मराठीतून सुरूही केली. ते पाऊल स्वागतार्ह आहे. पण इंग्रजी पुस्तकाचे वाक्यागणिक भाषांतर करून हा विषय मराठीत येणार नाही. ‘डीएफए’ला डीएफएच म्हणावे, त्याने काही बिघडत नाही, उदाहरणे मात्र मराठीची हवीत आणि समजावणेही मराठीत हवे. दुसरी अडचण परीक्षेची. जोवर प्रश्न ‘रूपांतर करा’, ‘सिद्ध करा’ अशा ठरलेल्या साच्याचे राहतील, तोवर शिक्षकाने भुजंगप्रयात काढला तर मागच्या बाकावरून विचारले जाईल की सर, हे पेपरात येते का. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा त्यात दोष नाही. गुण जिथे असतात तिथे तो बघतो.

म्हणून अमरावती विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढे माझे म्हणणे नेमके आहे. पहिल्या युनिटच्या आधी दोन तास वेगळे ठेवा. पहिल्या तासाला लघु-गुरू, गण आणि भुजंगप्रयाताचे चौदा अवस्थांचे यंत्र विद्यार्थ्यांकडून काढून घ्या. दुसऱ्या तासाला जोडाक्षराचा नियम घालून तेच यंत्र दोन बोटांचे करा आणि मग एका बोटावर आणा. व्याख्या तिसऱ्या तासाला सुरू होऊ द्या. लेखी परीक्षेत दर वेळी एक प्रश्न असा ठेवा की ज्याचे उत्तर कोणत्याच गाइडमध्ये सापडणार नाही: एखाद्या वृत्ताचे, एखाद्या शब्दरूपाचे, एखाद्या रांगोळीच्या वळणाचे यंत्र काढा, आणि ते निघत नसेल तर का निघत नाही ते चार ओळींत लिहा, उत्तर मराठीत लिहिले तरी चालेल अशी टीप प्रश्नाखालीच छापा. यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही. शेगावच्या, चिखलीच्या, मलकापूरच्या महाविद्यालयांतले शिक्षक शेजारच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या मराठीच्या शिक्षकांबरोबर एक शनिवार बसले तर पहिल्या दोन तासांचे टिपण त्याच दिवशी तयार होईल.